सुवासिक गावठी गुलाब: निवडीपासून गुलकंदापर्यंत

गुलाबाचं रोप आणलं, दोन महिन्यांत टपोरी फुलंही आली, पण नाक जवळ नेलं तर काहीच नाही. नव्यानं बाग करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा जातच बिनवासाची निवडलेली असते. वास हा जातीचा गुण आहे. ऊन, खत, पाणी यांनी तो थोडाफार कमी-जास्त होतो, पण ज्या जातीत तो मुळातच नाही तिथे कितीही शेणखत घातलं तरी येत नाही. म्हणून या लेखात निवडीवर जास्त वेळ घालवणार आहे. झाड एकदा बरोबर निवडलं की पुढची कामं अवघड नाहीत.

बिनवासाचे गुलाब आले कुठून?

तळेगाव दाभाडे आणि मावळच्या परिसरात पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची मोठी शेती होते. फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइन डेच्या आधी, तिथली फुलं परदेशी जातात. या जाती निवडल्या त्या लांब दांडा, घट्ट कळी, प्रवासात टिकण्याची ताकद आणि फुलदाणीत आठवडाभर तग धरणं हे बघून. या निवडीत वास मागे पडत गेला. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी ‘पापा मेइलँड’ हा अत्यंत सुवासिक गुलाब आणि ‘रूज मेइलँड’ हा जवळजवळ बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून तपासले. गुलाबी वासाचं जिरॅनिऑल हे द्रव्य तयार करण्यात ज्या विकराचा (एन्झाइमचा) हात असतो, त्याचं जनुक वासाच्या गुलाबात जोरात काम करत होतं आणि दुसऱ्यात जवळपास गप्प होतं. फुलवाल्याकडच्या गुच्छातल्या गुलाबाची फांदी खोचून वासाचं झाड मिळेल ही आशा म्हणूनच सोडून द्यावी.

पायरी पहिली: जात ठरवा

महाराष्ट्रात पहिलं झाड लावणाऱ्याला मी एकच नाव सांगते: एडवर्ड. आपल्याकडे ‘गावठी’ किंवा ‘देशी’ गुलाब म्हणून जे झाड जुन्या अंगणांत दिसतं, ते पुष्कळदा हेच असतं. फूल मध्यम, साधारण अडीच-तीन इंचांचं, गडद गुलाबी. पाकळ्या पातळ आणि मऊ, मधोमध चुरगळल्यासारख्या. टोकदार कळी, एकेरी लांब दांडा असा डौल त्यात नाही. फुलं झुबक्यानं येतात, देठ आखूड असतो आणि फूल दीड-दोन दिवसांत गळतं. पण सकाळी दार उघडल्यावर वास घरात येतो तो याच झाडाचा.

या झाडाचा इतिहास कळला की त्याचा स्वभावही कळतो. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बाँ म्हणत, शेतांच्या कुंपणांना दोन प्रकारचे गुलाब लावत: दमास्क आणि चायना. त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून हे झाड निघालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं बी फ्रान्सला गेलं. दमास्ककडून त्याला वास मिळाला, चायनाकडून वर्षभर पुन्हापुन्हा फुलण्याची सवय आणि उष्णता सोसण्याची ताकद. आपल्या हवेला याहून चांगला मेळ कोणता? भारतात कलमी गुलाबांसाठी खुंट म्हणूनही, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम करतात ते झाड म्हणूनही, एडवर्ड वापरतात, यावरून त्याच्या मुळांचा चिवटपणा लक्षात यावा.

दुसरी निवड ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’. नाव लांबलचक असल्यामुळे नर्सरीत ते हवं तसं उच्चारलं जातं, पण झाड ओळखणं सोपं आहे. कोवळी पालवी तांबूस-जांभळी, फूल गडद लाल, मान किंचित खाली झुकलेली आणि वासात मसाल्याची झाक. १८९७ सालची ही जात रुडॉल्फ गेशविंड यांनी तयार केली. उन्हाळ्यातही ती फुलायची थांबत नाही. जमिनीत लावली तर पाच-सहा फुटांचं झुडूप सहज होतं, त्यामुळे छोट्या गॅलरीसाठी मी ती सुचवत नाही.

आता ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे तो अत्तराचा दमास्क गुलाब. कनौज, हाथरस, पुष्कर इथे याचीच शेती होते. लखनौच्या सीमॅप संस्थेनं काढलेली ‘नूरजहाँ’ ही जात दमास्कचीच. वासाला तोड नाही, पण हा वर्षातून एकदा, उत्तरेत साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत फुलतो आणि चांगलं फुलायला त्याला आधी थंडी हवी असते. मुंबई, कोकण, गोवा इथे तो पानांनी भरतो आणि फुलांनी निराश करतो. नाशिक किंवा साताऱ्याच्या थंड पट्ट्यात जागा भरपूर असेल आणि एक झाड आधी हाताशी असेल, तर दुसरं झाड म्हणून जरूर लावा.

इंग्लंडचे डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या सुवासिक गुलाबांचा आधुनिक गुलाबांशी संकर करून जी झुडपी मालिका उभी केली, ती फोटोंत फार मोहक दिसते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ती खरंच सुंदर फुलते. एप्रिल-मेमध्ये मात्र फूल लहान होतं आणि दुपारपर्यंत उमलून सांडतं. रोप महाग, त्यातही नावाप्रमाणे माल मिळेल याची खात्री कमी. वर्षभर हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा. ‘पापा मेइलँड’, ‘मिस्टर लिंकन’, ‘डबल डिलाइट’ हे मोठ्या फुलांचे गुलाब वासाला उत्तम आहेत, पण ते झुडपी नाहीत आणि त्यांचे लाडही जास्त पुरवावे लागतात.

दमट किनारपट्टीवर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग हा खरा शत्रू, तर विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेचं ऊन. एडवर्ड दोन्हीकडे बऱ्यापैकी टिकाव धरतो.

पायरी दुसरी: नाकानं खरेदी करा

नर्सरीत सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत वासाची द्रव्यं उडून गेलेली असतात आणि चांगली जातही फिकी वाटते. उलट, कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे वास बंद असतो; ऊन लागून पाकळ्या कोमट झाल्या की तो सुटतो. अर्धं उमललेलं फूल हुंगा. पूर्ण उमलून पुंकेसर काळे पडलेलं फूल परीक्षेला घेऊ नका. एका फुलावर निकालही देऊ नका, त्याच जातीची दोन-तीन फुलं बघा. ‘वासाचा आहे, घरी गेल्यावर येईल’ असं विक्रेता म्हणाला तर ते रोप तिथेच ठेवा. जातींची नावं शिकायची असतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारं पुष्पप्रदर्शन बघावं. नावाच्या पट्टीसह फुलं समोर असतात.

वास पसंत पडला की रोपाकडे बघा. बुंध्याजवळ तिरकी गाठ दिसली तर ते डोळा भरलेलं कलम आहे. गाठ नसेल आणि फांद्या सरळ मातीतून आल्या असतील तर ते फांदीपासून, स्वतःच्या मुळांवर केलेलं रोप. एडवर्डसाठी मी दुसरा प्रकार घेते. तो हळू वाढतो, पण उद्या वरचा भाग वाळला तरी मुळातून येणारा फुटवा त्याच झाडाचा असतो. कलमात खुंटाचा फुटवा जोर धरून मूळ जात गिळून टाकू शकतो.

फांदीचा शेंडा काळा पडून खाली वाळत आलेला नको. पानांच्या मागच्या बाजूला पांढरी पूड किंवा बारीक जाळी नको. पिशवी उचलून तळ बघा: मुळं थोडी डोकावत असतील तर उत्तम, जाडजूड होऊन बाहेर वेटोळी घातली असतील तर रोप फार दिवस पडून आहे. फुलांनी लगडलेल्या रोपापेक्षा तीन-चार निरोगी, हिरव्या फांद्या असलेलं रोप घ्या.

आणि निळ्या, काळ्या, सप्तरंगी गुलाबाचं बी म्हणून ऑनलाइन जे विकतात ते अजिबात घेऊ नका. संकरित गुलाब बियांपासून हुबेहूब येत नाही आणि तसले रंग गुलाबात नसतातच.

पायरी तिसरी: जागा, कुंडी, माती

रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सकाळचं ऊन सर्वांत चांगलं, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं आणि बुरशीला संधी मिळत नाही. फक्त पश्चिमेची गॅलरी असेल तर होळीनंतर दुपारपुरती हिरवी शेडनेट लावा. उत्तरेच्या गॅलरीत गुलाब लावू नका, तिथे मोगराही रुसतो.

कुंडी चौदा इंचांची, खोलही तेवढीच, तळाला मोठी भोकं. बारा इंचांत झाड जगतं पण दुसऱ्या वर्षी अडखळतं. मातीची कुंडी उन्हाळ्यात मुळं थंड ठेवते. प्लॅस्टिकची घेतलीत तर काळी घेऊ नका, तापते.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते, त्यामुळे कुंडीत ती एकटी कधीच वापरू नये. चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत आणि वासरहित असावं. ओलं, गरम शेणखत मुळं जाळतं आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) आणतं. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडून बोटानं टोचा: लाडू फुटला तर माती तयार आहे, तसाच राहिला तर आणखी वाळू घाला.

जमिनीत लावणार असाल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत तीन ते चार फूट अंतर. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम टाका आणि झाड किंचित उंचवट्यावर बसवा.

पायरी चौथी: लावणी

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावणं सर्वांत सोपं. नर्सरीतून आणलेलं रोप त्याच दिवशी हलवू नका, पाच-सहा दिवस घरच्या हवेत राहू द्या. मग संध्याकाळी पिशवी ब्लेडनं उभी चिरा, ओढून काढू नका. मातीचा गोळा फुटू न देता कुंडीत ठेवा. कलम असेल तर गाठ मातीच्या वर दोन इंच राहिली पाहिजे. कडेनं मिश्रण भरा, हलक्या हातानं दाबा आणि तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. आठवडाभर सावलीत, नंतर सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उन्हात.

पहिल्या दोन महिन्यांत येणाऱ्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, हे मान्य. पण त्या काळात झाडाची ताकद मुळांत गेली की पुढची फुलं दुप्पट येतात.

पायरी पाचवी: पाणी आणि खत

वेळापत्रक बघून पाणी देऊ नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. वरचा थर कोरडा आणि खाली गारवा लागला की पाणी द्या, आणि देताना भरपूर द्या. उन्हाळ्यात हे रोज होईल, डिसेंबरात दोन-तीन दिवसांनी, पावसात आठवडाभर नाहीही. पाणी सकाळी, बुंध्याशी.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना एक खूण हमखास दिसते: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. क्षारांमुळे झाडाला लोह घेता येत नाही. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या, आणि चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्या.

खतासाठी महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड वरच्या मातीत खुरप्यानं मिसळा. फुलांच्या हंगामात पंधरा दिवसांनी एक लिटर पाण्यात २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पुरे. कोरड्या मातीत खत कधीही देऊ नका, आधी पाणी. चहाचा चोथा, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं यांवर फार भर दिला जातो. साखर-दुधाचा चोथा मुंग्या आणतो, टरफलं विरघळायला वर्षं लागतात. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका आणि कुजल्यावर गुलाबाला द्या.

पायरी सहावी: छाटणी

इथेच नवशिक्यांचा हात थरथरतो, म्हणून सावकाश सांगते.

मोठी छाटणी वर्षातून एकदा, पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. पावसात केली तर कापल्या जागी बुरशी शिरते. छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरची थंडी बरोबर गाठते. पूर्वी छाटणीच्या आधी पाणी तोडून मुळं उघडी करत. जमिनीतल्या झाडाला ते चालतं, पण कुंडीत करू नका.

मोठ्या फुलांच्या गुलाबांना खालून दीड फुटावर कापतात, ती पद्धत एडवर्डसारख्या झुडपी गुलाबाला लावू नका. याची एक तृतीयांश उंचीच कमी करायची. क्रम असा ठेवा: आधी वाळलेल्या आणि काळ्या फांद्या, मग पेन्सिलीहून बारीक काड्या, मग एकमेकींना घासणाऱ्यांपैकी एक, आणि सर्वांत शेवटी सालटं भुरकट पडलेली सर्वांत जुनी एक फांदी अगदी बुंध्यापासून. मधून हवा खेळली पाहिजे.

आता कुठे कापायचं? फांदीवर पान जिथे जोडलेलं असतं त्या खाचेत बारीक लालसर टिकली दिसते, तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या दिशेला तोंड असलेला, फुगीर डोळा शोधा. त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतार जाईल असा तिरका काप घ्या. काप फार वर घेतला तर डोळ्यावरचा तुकडा वाळून काळा पडतो आणि तो काळेपणा खाली उतरत जातो, हीच शेंडेमर. फार जवळ घेतला तर डोळाच मरतो. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली, निरोगी गाभा लागेपर्यंत कापा. कात्री धारदार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसून घ्या. जाड कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पातळ पेस्ट लावा. आठ-दहा दिवसांत ती टिकली फुगून तांबूस टोक बाहेर येतं, आणि मग छाटणीची भीती कायमची जाते.

एडवर्डच्या काही फांद्या लांबसडक, वेलीसारख्या वाढतात आणि टोकालाच फुलतात. त्या कापण्याऐवजी हळूच वाकवून कुंडीच्या काठाला सुतळीनं आडव्या बांधा. आडव्या फांदीवरचे सगळे डोळे जागे होतात आणि फांदीभर फुलं येतात. फुलं वाढवायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

वर्षभर करायचं काम एवढंच: फूल गळालं की देठाखालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या (एका देठावरच्या छोट्या पानांच्या) पानावर कापायचं. बुंध्यातून नवा फुटवा आला तर सात पर्णिका मोजून तो ‘रानटी’ ठरवू नका, चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. तो कुठून निघाला ते बघा. कलमाच्या गाठीखालून असेल तर मुळाशी धरून ओढून काढा, वरून असेल तर तो झाडाची नवी पिढी आहे.

पायरी सातवी: रोग-किडी

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून पानं पिवळी होतात. पडलेली पानं रोज उचला, झाडं दाटीनं ठेवू नका, प्रमाण वाढलं तरच बुरशीनाशक. हिवाळ्यात कोवळ्या पानांवर पांढरी भुरी येते. विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. कळीवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं जातो. उन्हाळ्यात पानं निस्तेज होऊन मागे जाळी दिसली तर लाल कोळी. दोन-तीन दिवस पानांच्या मागची बाजू पाण्यानं धुवा. कळ्या उमलताना कडा करपल्या तर आत फुलकिडे आहेत, त्या कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका. मावा किंवा पिठ्या ढेकूण हटत नसेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब लिक्विड साबण, संध्याकाळी.

पाकळ्या खायच्या असतील तर रासायनिक कीटकनाशक त्या झाडाला लावूच नका. हार-गुच्छाच्या दुकानातल्या फुलांचा गुलकंद याच कारणानं करू नये.

एका झाडाची चार

एडवर्ड फांदीपासून सहज येतो. नुकतंच फूल गळालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, सहा-आठ इंच, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं अर्धी ठेवा, बाकी काढा. अर्धी वाळू-अर्धं कोकोपीट यात दोन डोळे गाडा, सावलीत ठेवा आणि वरून कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला. पावसाळ्याची सुरुवात किंवा जानेवारी-फेब्रुवारी ही वेळ चांगली. पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली असं नाही. महिनाभर ओढून बघण्याचा मोह टाळा.

फुलं तोडणं आणि गुलकंद

फुलं सूर्य वर यायच्या आत, दव वाळत असताना तोडा. अत्तरवालेही पहाटेच तोडतात: किलोभर तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, तिथे दुपारी उडून जाणारा वास कोणाला परवडेल?

एका झाडाची फुलं एकदम गुलकंदापुरती मिळत नाहीत, म्हणून थरांची पद्धत वापरा. पाकळ्या सोडवून, धुऊन, पंच्यावर सावलीत पाणी पूर्ण टिपून घ्या. काचेच्या कोरड्या बरणीत पाकळ्यांचा थर, वर त्यांच्याच वजनाइतक्या कुटलेल्या खडीसाखरेचा थर. पुढच्या आठवड्यात मिळतील तितक्या पाकळ्या आणि तितकीच खडीसाखर पुन्हा. तोंडाला कापड बांधून बरणी उन्हात ठेवा आणि रोज कोरड्या चमच्यानं हलवा. शेवटचा थर घातल्यावर तीन-चार आठवड्यांत पाकळ्या काळपट-तांबड्या होऊन पाकात मुरतात. एडवर्डच्या पाकळ्या पातळ असल्यानं लवकर मुरतात आणि तोंडात चोथा राहत नाही. बरणीत ओला चमचा गेला तर बुरशी धरते, एवढं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.